नवा बेल्ट टाकूनही शिट्टी जात नाही? क्रँक पुलीचं रबर तपासा

सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून चीं-चीं. दोन-चार मिनिटांत गप्प. एसी लावला किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा सुरू. गॅरेजला नेली, फॅन बेल्ट (इंजिनच्या जोरावर दिनमो, एसी वगैरे फिरवणारा पट्टा) बदलला, काही आठवडे बरे गेले आणि परत तोच आवाज. मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला. मग कुणीतरी दिनमोचं (अल्टरनेटरचं) बेअरिंग सांगितलं. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, बेल्ट नवा आहे, बसायला वेळ लागतो." बेल्टला बसायला महिना लागत नाही. चांगल्या कंपनीचा नवा बेल्ट पहिल्या दिवसापासून गप्प चालायला हवा. दुसरा बेल्टही ओरडायला लागला असेल तर तिसरा विकत घेण्याआधी तो ज्या पुलीवरून फिरतो ती पुली बघा. खालची, मोठी, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरची. ती शेवटी बघितली जाते, कारण ती बाहेरून धडधाकट लोखंडी चकतीसारखी दिसते.

ती एकसंध नसते, गोम इथेच आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत क्रँक पुली तीन थरांची असते. मधे क्रँकवर बसणारा हब, बाहेर बेल्टच्या खाचा असलेली जड रिंग आणि या दोघांच्या मध्ये दाबून किंवा चिकटवून बसवलेलं रबराचं कडं. गॅरेजमध्ये कुणी तिला डँपर पुली म्हणतं, कुणी बॅलन्सर. रबर तिथे उगाच नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलिंगवर सेकंदाला साधारण २७ धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत येतो. ही पिळवट एका ठरावीक आरपीएमला वाढत जाऊन क्रँकला तडा पाडू शकते. बाहेरची जड रिंग रबरावर मागेपुढे झुलते, पिळवटीची ताकद रबरात उष्णता होऊन जिरते आणि क्रँक वाचतो. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१० च्या सुमारास क्रँकची पिळवट जिरवणारा डँपर तयार केला होता.

म्हणजे हे रबर गाडी चालू असेपर्यंत सतत मळलं जातं, वर इंजिनची उष्णता आणि समोरच्या ऑइल सीलमधून झिरपणारं तेल. काही वर्षांनी ते कडक होतं, चिरतं आणि हबपासून किंवा रिंगपासून सुटतं. डिझेलला हे आधी होतं, कारण डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो जास्त आणि स्फोटाचा धक्का जबर. कमी चाललेल्या गाडीचा मालक म्हणतो, "अहो, पण गाडी चाळीस हजारच चालली आहे." रबराला किलोमीटर कळत नाहीत. वर्षं आणि ऊन कळतं.

सुटलेलं रबर दोन तऱ्हांनी त्रास देतं. एक म्हणजे बाहेरची रिंग जागच्या जागी घसरते. हब क्रँकबरोबर फिरतो, रिंग मागे राहते. दुसरी तऱ्हा, रिंग पुढे किंवा मागे सरकते, पुली आऊट मारायला (डोलायला) लागते आणि बेल्ट तिरका धावतो. दोन्हींची लक्षणं वेगळी, म्हणून आधी आवाज ओळखा.

पाण्याची फवारणी

इंजिन चालू, आयडलिंगवर. हात लांब ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला साध्या स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा. शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातली चेन, मोकळे केस यातलं काहीही बेल्टजवळ नको. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो हेही लक्षात ठेवा.

पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबला आणि पाणी वाळल्यावर परत आला तर बेल्ट तिरका धावतोय. कुठली तरी पुली ओळीत नाही. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शन कमी आहे किंवा कुठली तरी पुली जड फिरतेय. आणि पाणी मारून काहीच फरक पडला नाही तर आवाज बेल्टचा नाही. मग एक तर बेअरिंग, नाही तर क्रँक पुलीचं रबर. रबरावर रिंग घसरते तेव्हा किंकाळी हब आणि रिंग यांच्या मधून येते, बेल्ट कितीही ओला करा. अशा वेळी जळक्या रबराचा वासही येतो, पण बेल्ट बघितला तर कुठेही जळल्याची खूण नाही. वास आहे आणि बेल्ट स्वच्छ आहे, या जोडीला मी फार महत्त्व देतो.

पावसाळ्यात थोडं सबुरीनं घ्या. कोकणात किंवा घाटमाथ्यावर रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी अर्धा मिनिट ओरडते आणि दिवसभर गप्प राहते, ते दमट बेल्टचं काम असू शकतं. इंजिन गरम झाल्यावरही आवाज येतो का, हे बघून मगच पुढे जा.

व्हाइटनरची रेघ

ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. खर्च जवळजवळ शून्य.

इंजिन बंद, थंड, किल्ली काढून खिशात. गाडी समतल जागी, हँडब्रेक ओढलेला. बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुली उजव्या किंवा डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला असते. चाक काढून आतलं प्लॅस्टिकचं कव्हर सोडवलं की समोर दिसते. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत डोकं घालू नका, खाली स्टँड लावा.

पुलीचा चेहरा कापडाने आणि थोड्या ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. क्लीनर कापडावर मारा, थेट रबरावर नको. आता हबपासून सुरू करून रबरावरून बाहेरच्या रिंगच्या कडेपर्यंत व्हाइटनरने किंवा ऑइल पेंटने एक सरळ रेघ ओढा. पूर्ण वाळू द्या. मग सगळं बसवून गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा. एसी लावा, हेडलाइट लावा, चढ चढवा.

परत उघडून बघा. रेघ जशीच्या तशी सरळ असेल तर रिंग घसरत नाही, दुसरीकडे शोधा. रेघ तुटून बाहेरचा तुकडा पुढे-मागे गेला असेल तर निकाल लागला. आमच्याकडे चिपळूणहून आलेल्या एका डिझेल सेडानवर हबवरचा तुकडा वर आणि रिंगवरचा तुकडा जवळजवळ पाव फेरा मागे गेलेला होता. मालकाने त्याआधी बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) असं सगळं बदलून घेतलं होतं. रबराच्या कडेला नख लावलं तर काळी बारीक पूड निघत होती, कोरड्या काजळीसारखी. रबर घासलं जातंय याची ती खूण.

डोळ्यांनी दिसणाऱ्या आणखी काही खुणा आहेत. रबराचं कडं हब आणि रिंगच्या पातळीत समान असायला हवं. कुठे फुगून बाहेर आलं असेल, कुठे आत गेलं असेल किंवा गोलाकार चीर दिसत असेल तर पुली गेली. टॉर्च तिरका धरून बघा, समोरून धरलेल्या उजेडात चीर लपते. पुलीच्या मागे टायमिंग कव्हरवर घासल्याची चकचकीत चंद्रकोर दिसली तर रिंग मागे सरकली आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

बेल्ट काय सांगतो

काढलेला जुना बेल्ट फेकू नका, तो उलटा करून नीट बघा. सगळ्या खाचा सारख्या झिजल्या असतील तर तो वयाने गेला. एकच कड उसवली असेल, दोरे सुटले असतील, तर कुठली तरी पुली तिरकी आहे. कधी कधी बेल्ट एक खाच सोडून शेजारी बसलेला सापडतो आणि कडेची एक पट्टी मोकळी लोंबत असते. बसवणाऱ्याने चुकीचा बसवला असंही असू शकतं, पण नीट बसवलेला बेल्ट पुन्हा तसाच सापडला तर क्रँक पुलीवर संशय घ्या.

हे बघतानाच नव्या बेल्टचा नंबरही जुन्याशी ताडून घ्या. ६पीके१०२० याचा अर्थ सहा खाचा आणि १०२० मिलिमीटर लांबी. दुकानदाराने "चालतं हो" म्हणून १०-१५ मिलिमीटर लांब बेल्ट दिला की टेन्शनर त्याच्या टोकाला जातो आणि पुली निर्दोष असूनही बेल्ट ओरडतो. असे फुकटचे संशयित आधी बाद करावेत.

पुली डोलते का

लांब उभं राहून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. २४० फ्रेमचा पर्याय असेल तर आयडलिंगला पुलीच्या एका फेऱ्याचे साधारण १८ फोटो मिळतात आणि डोळ्याला न दिसणारं डोलणं स्पष्ट दिसतं. मोबाइल हातातून निसटून बेल्टमध्ये जाणार नाही एवढी काळजी घ्या. तो खर्च पुलीपेक्षा मोठा.

बारकाईनं मोजायचं असेल तर इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रलला, पुलीच्या मधल्या बोल्टवर गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने इंजिन फिरवा, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. शेजारी एखादी जाड तार अशी बांधा की तिचं टोक रिंगच्या कडेपासून जेमतेम अंतरावर राहील. पूर्ण फेरा होईपर्यंत ते अंतर सारखं राहायला हवं. कुठे तार टेकते आणि कुठे फट पडते असं झालं तर पुली आऊट आहे. फक्त रिंग आऊट आहे की हबसुद्धा, हेही बघा. हब डोलत असेल तर प्रकरण रबराचं नाही. बोल्ट सैल, चावीची (पुली क्रँकवर जागी धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच खाल्लेली किंवा क्रँकचं टोकच मार लागून वाकलेलं असू शकतं.

बोल्ट सैल असलेली पुली आयडलिंगला ठक-ठक करते. हा आवाज थेट कनेक्टिंग रॉडच्या ठोक्यासारखा वाटतो आणि "इंजिन खोलावं लागेल" असं ऐकून मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. इंजिन खोलायला होकार देण्याआधी हा बोल्ट टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्यायला सांगा.

बेल्ट काढून अर्धा मिनिट

आवाज बेल्टच्या घराण्यातला आहे की इंजिनच्या आतला, हे ठरवायला बेल्ट काढून इंजिन सुरू करा. अर्धा मिनिट, फार तर एक. ज्या गाडीत पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे तिथे तर त्याहून जास्त अजिबात नाही. बॅटरीचा लाल दिवा लागेल, तो लागायलाच हवा. किंकाळी, गुरगुर गेली तर दोष दिनमो, एसी कॉम्प्रेसर, आयडलर, टेन्शनर किंवा क्रँक पुलीच्या रबरात आहे. ठोका तसाच राहिला तर सैल पुली किंवा इंजिनच्या आतलं काहीतरी.

बेल्ट निघालाच आहे तर बाकीच्या पुल्या हाताने फिरवून घ्या. आयडलर मऊ, बिनआवाज फिरायला हवा. झटका दिल्यावर तो भिरभिर फिरत राहिला तर आतलं ग्रीस संपलंय. दिनमोच्या पुलीवर जास्त वेळ द्या, कारण डिझेल गाड्यांत ती बऱ्याचदा फ्रीव्हील असते. दिनमोचा पंखा धरून पुली फिरवली तर एका दिशेला मोकळी, दुसऱ्या दिशेला पक्की लागली पाहिजे. दोन्हीकडे पक्की असेल तर ती जाम आहे. जाम फ्रीव्हील आणि मेलेली क्रँक पुली ही दोन दुखणी अगदी सारखी दिसतात. दोन्हींत टेन्शनर उड्या मारतो, दोन्हींत बेल्ट फडफडतो. रेघ ओढल्याशिवाय फरक कळत नाही, म्हणून तर रेघेचा एवढा आग्रह.

मारुतीच्या एसएचव्हीएससारख्या रचनेत सिग्नलला बंद पडलेलं इंजिन बेल्टच्याच जोरावर पुन्हा सुरू होतं. तिथे बेल्टवर दोन्ही दिशांनी ताण येतो. पुली जराशी घसरली तरी हिसका जाणवतो किंवा इंजिन चटकन उठत नाही. लोक बॅटरी बदलत बसतात.

जिथे आवाजच नसतो

काही गाड्या ओरडत नाहीत, आडून सांगतात. रात्री एसी आणि दिवे लावून आयडलिंगला उभी असताना बॅटरीचा दिवा मिणमिणतो, रेस दिली की जातो किंवा उलट रेस दिल्यावर लागतो. बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. साध्या चार्जिंगच्या गाडीत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. भार टाकल्यावर आकडा १२.५ च्या आसपास कोसळत असेल आणि दिनमो बेंचवर चांगला निघत असेल, तर दिनमोपर्यंत फिरणंच पोचत नाहीये. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम व्होल्टेज वर-खाली करतो, तिथे या एका आकड्यावर निकाल देऊ नका.

ज्या इंजिनांत क्रँक सेन्सरचे दाते पुलीवरच असतात, तिथे स्कॅनरवर पी०३३५ किंवा पी०३३६ हे क्रँक सेन्सरचे बिघाड-कोड येतात आणि सेन्सर बदलूनही जात नाहीत. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पेट्रोल गाड्यांत टायमिंगची (ठिणगीची वेळ जुळवायची) खूण बाहेरच्या रिंगवर असेल तर आणखी गंमत. रिंग घसरल्यामुळे खूण खोटं बोलते, मिस्त्री टायमिंग लाइट लावून तिच्याशी इमानदारीने टायमिंग जुळवतो आणि गाडी ओढत नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून आत प्लॅस्टिकची नळी सोडा, हाताने इंजिन फिरवून पिस्टन वर आणा आणि तेव्हा खूण शून्यावर येते का बघा.

पुलीमागून तेल गळत असेल आणि सील बदलूनही पुन्हा गळत असेल, तर सीलला दोष देण्याआधी हबचा जो भाग सीलमध्ये फिरतो त्यावर नख फिरवा. नख अडकेल अशी खोबण पडली असेल तर नवं सील कितीही चांगलं आणा, गळणारच. एक तर वरून पातळ स्लीव्ह बसवा, नाही तर पुली बदला. तेच तेल रबर मऊ करतं, म्हणून ही दोन दुखणी बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

दुरुस्ती: काय करू नये

लेथवाल्याकडे नेऊन हब आणि रिंगला चार ठिकाणी वेल्डिंग मारून आणणारे भेटतात. आवाज जातो, हे खरं. बेल्टही टिकतो. पण डँपरचा दगड झाला. पिळवट आता क्रँकलाच खावी लागते आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च वाढून ठेवला जातो. दिसायला छान म्हणून अ‍ॅल्युमिनियमची एकसंध पुली बसवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. बेल्टवर साबण, पावडर, राळ किंवा चिकट स्प्रे मारणं तर दोन दिवसांचा खेळ. वर खाचांत धूळ चिकटून बेल्टची वाट लागते.

शक्य असेल तर रबर सुटलेल्या पुलीवर लांबचा प्रवास टाळा. रिंग निसटली की दिनमो बंद. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते जड, आणि पाण्याचा पंप या बेल्टवर असेल तर इंजिन तापायला सुरुवात. टायमिंग बेल्टच्या इंजिनात फाटलेल्या बेल्टचे दोरे कव्हरच्या आत ओढले जाऊन टायमिंगच (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) सुटू शकतं. मग हेड उघडावं लागतं.

बदलताना

पुली काढण्याआधी तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल बघा, निदान त्या इंजिनावर काम केलेल्या माणसाला विचारा. याचं कारण असं की काही इंजिनांत, फोर्डच्या काही पेट्रोल इंजिनांतही, क्रँकवर चावीच नसते. टायमिंगचं दातेरी चाक फक्त याच बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. लॉकिंग पिना न लावता बोल्ट सैल केला की टायमिंग हललं, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर नशिबाच्या हवाली. काही ठिकाणी बोल्टच उलट्या आट्याचा असतो.

पुली धरून ठेवायला योग्य हत्यार वापरा. होंडाच्या बऱ्याच इंजिनांत पुलीच्या मध्यात ५० मिलिमीटरची षटकोनी खाच यासाठीच दिलेली असते. पाना चॅसिसला अडकवून सेल्फ मारून बोल्ट सोडवायची पद्धत बघायला भारी वाटते, पण पाना सुटला तर तो कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं. तीन पायांचा पुलर बाहेरच्या रिंगला लावला की चांगली पुलीसुद्धा रबरातून फाटते. पुलर हबच्या भोकांतच लावायचा.

बोल्ट नवाच घ्या. बऱ्याच इंजिनांत तो एकदाच ताणला जाणारा असतो, ठरावीक टॉर्क आणि वर अंशांत फिरवायचा. इम्पॅक्ट गनने घर्र करून आवळणाऱ्याला थांबवा, टॉर्क पान्याने आवळायला लावा. पुली घेताना दुकानात जुनी शेजारी ठेवून खाचा, जाडी, हबची उंची आणि वजन ताडून बघा. स्वस्त नकली पुली बहुतेक वजनालाच हलकी निघते. बेल्ट आणि टेन्शनर जुने असतील तर याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते.

बसवून झालं की नव्या पुलीवरही हब ते रिंग पेंटची रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगला चाक काढल्यावर टॉर्च मारून पाच सेकंदांत कळेल.